पुण्यात फारशी चर्चेत नसलेली तुमची आवडती खाण्याची ठिकाणं कोणती?

मिसळ म्हटलं की सगळे बेडेकरांचं नाव घेतात, पण मी म्हणेन आधी रविवार पेठेत फडके हौदाजवळ वैद्य उपाहारगृहात जा. लाल तर्री वगैरे काही नाही, हिरवी मिरची, आलं, कोथिंबिरीचा हिरवट पातळसर रस्सा असतो, पहिल्या घासाला वाटतं अरे हे तर सौम्य आहे आणि मग मागाहून हळूच आल्याचा झणका लागतो, मला जाम आवडतो. सकाळी लवकर जा हां.

दुसरं माझं एकदम लाडकं म्हणजे लक्ष्मी रोडवरचं पूना गेस्ट हाऊस. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदारांनी १९३५ साली सुरू केलेलं, नाटक-सिनेमावाल्यांचा तिथे कायम राबता असायचा. खरेदीची गर्दी खाली राहते आणि वर गेलं की शांतपणे थालीपीठ, डाळिंबी उसळ असलं घरचं खाणं मिळतं. बाहेर पनीर कुठेही मिळेल हो, सोललेल्या वालाची उसळ कोण करून घालतंय आजकाल? ती दिसली तर दुसरं काही मागवूच नका.

साधं पोटभर जेवायचं असेल तर टिळक रोडला बादशाही, १९३२ पासूनचं बोर्डिंग, रोजचं पोळी-भाजी, वरण-भाताचं जेवण. नॉनव्हेज खात असाल तर कॅम्पात दोराबजी अँड सन्स, १८७८ चं पारशी हॉटेल आहे, रविवारी धनसाक (डाळीत शिजवलेलं मटण, भाताबरोबर) खा आणि दुपारी दुसरं काही काम ठेवू नका.