संभाव्यतेचा पहिला अभ्यासक्रम घेताना

विद्यापीठातील संभाव्यतेचा अभ्यासक्रम बहुधा फासे आणि पत्ते यांपासून सुरू होतो, त्यामुळे हे सगळे शाळेत होऊन गेले आहे असे समजून सुरुवातीचे तास सोडून देण्याचा मोह होतो, तो टाळावा. नमुना अवकाश (सर्व शक्य निष्पत्तींचा संच) मांडणे आणि घटना संचाच्या भाषेत लिहिणे याच तासांना शिकवले जाते, आणि पुढे अडणारे विद्यार्थी सूत्रांपेक्षा माझ्या मते इथेच अडलेले असतात.

रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ मध्ये मांडलेली संभाव्यतेची मूलभूत गृहीतके मोजकी आहेत आणि ती लवकर पाठ होतात. खरा वेळ सशर्त संभाव्यतेला, म्हणजे एक घटना घडली आहे हे ठाऊक असताना दुसरीच्या संभाव्यतेला, द्यावा. समजा, १००० जणांपैकी १० जणांना एखादा आजार आहे, चाचणी त्यांतील ९ जणांना ओळखते आणि ९९० निरोगी व्यक्तींपैकी ९९ जणांनाही चुकून आजारी ठरवते. आजारी ठरलेल्या १०८ जणांत प्रत्यक्ष आजारी ९ च, म्हणजे सुमारे ८ टक्के निघतात. हे उत्तर बेझच्या सूत्रात (ते सशर्त संभाव्यता उलट दिशेने काढते) आकडे घालण्यापूर्वी असे माणसे मोजून काढावे, म्हणजे छेदात काय येते आणि का येते, हे लक्षात राहते. परस्परांपासून स्वतंत्र घटना आणि एकाच वेळी घडू न शकणाऱ्या घटना यांची गल्लतही (ती फार चिवट असते) याच टप्प्यावर मिटवावी.

संतत यादृच्छिक चल (एखाद्या पट्ट्यातील कोणतीही किंमत घेऊ शकणारी यादृच्छिक राशी) सुरू होण्याआधी दुहेरी इंटिग्रलची उजळणी करावी, विशेषतः आकृती काढून सीमा ठरवण्याची. मेझर थिअरीची (संभाव्यतेला काटेकोर, अमूर्त पाया देणाऱ्या विषयाची) घाई मात्र करू नये. रिअल अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे कलनशास्त्राच्या काटेकोर सिद्धतांचा, एखादा अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत ती थांबू शकते.