ख्रिस्ती माणसाने आत्मिक पारख कशी वाढवावी? देवाचा आवाज आणि स्वतःच्या मनाचा आवाज यातला फरक कसा ओळखावा?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की प्रार्थना करून मनाला शांती वाटली की तो देवाचा होकार समजायचा, असं तुम्हाला शिकवलं गेलं, आणि तसं वागून तुम्ही दोनदा फसलात. ते वाचलं आणि उत्तर लिहायला बसले, कारण माझ्या आयुष्यातला सगळ्यात चुकीचा निर्णय मी पूर्ण शांतीत घेतला होता.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. एका ठिकाणी हिशेब सांभाळायची नोकरी होती, बरी चालली होती. आमच्या प्रार्थनागटाचे एक वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, होते, नाव घेणार नाही. अश्रू ढाळून प्रार्थना करणारा, आजाऱ्याच्या उशाशी रात्र रात्र बसणारा माणूस. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना ढोंगी ठरवेल आणि माझा मुद्दाच हुकेल. एका उपवास-प्रार्थनेच्या शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "प्रभू म्हणतो, मुली, तुझी जाळी सोड आणि माझ्यामागे ये." येशूने मासे धरणाऱ्यांना बोलावलं आणि ते जाळी टाकून त्याच्यामागे गेले, त्या गोष्टीतली ही भाषा. अंगावर काटा आला, रडू फुटलं. पुढचे तीन दिवस मनात इतकी शांतता होती की मला कमी झोपसुद्धा पुरायची. दादाला तर आकाश ठेंगणं झालं होतं. त्या गटात मला त्यानेच नेलं होतं.

आत्याला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "त्यांच्याकडे हिशेब कोण बघतं गं सध्या?"

जो बघत होता तो महिन्यापूर्वीच सोडून गेला होता. मला ते माहीत होतं, तरी मी चिडले. म्हटलं, देवाच्या कामात तू माणसाचं डोकं चालवतेस. आत्या वाद घालत नसे. तिने कपाटातून तिची वही काढली.

त्या वहीबद्दल नीट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे जे काही उत्तर आहे ते तिथलंच आहे. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. मोठं, वेडंवाकडं अक्षर. डाव्या पानावर तारीख, "प्रभू म्हणतो" असा संदेश कोणी दिला, कोणाला दिला आणि काय शब्द वापरले. समोरचं उजवं पान कोरं. काय घडलं ते तिथे नंतर लिहायचं, कधी सहा महिन्यांनी, कधी चार वर्षांनी. ती मला म्हणाली, "जसंच्या तसं सांग, पदरचं घालू नकोस." मी सांगितलं, "प्रभू म्हणतो, नोकरी सोड." तिने लिहून घेतलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नोकरी म्हणाले?" मी गप्प. "जाळी म्हणाले," मी म्हटलं. तिने "नोकरी" या शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि वर "जाळी" लिहिलं. ती रेघ अजून दिसते.

मी नोकरी सोडली. चौदा महिने गटाचे हिशेब पाहिले. मग एके दिवशी पावत्या लावताना दिसलं की एका कुटुंबाच्या अडचणीसाठी गोळा केलेले पैसे दुसऱ्याच कामाला लागलेत. चोरी नव्हती, कोणाच्या खिशात काही गेलं नव्हतं. पण देणाऱ्यांना सांगितलं होतं एक आणि झालं होतं दुसरं. मी विचारलं. उत्तर आलं, "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." अभिषिक्त म्हणजे देवाने निवडलेली माणसं. स्तोत्र १०५ मधलं वचन आहे ते. अब्राहाम, इसहाक, याकोब मूठभर असताना परक्या मुलखात भटकत होते, तेव्हा देवाने राजांना दिलेली ही ताकीद. पावत्यांबद्दल प्रश्न विचारणाऱ्या बाईला गप्प करण्यासाठी ती लिहिलेली नाही. मी बाहेर पडले. पुन्हा नोकरी मिळायला बराच काळ गेला.

दादाचं म्हणणं तेव्हा जे होतं तेच आजही आहे. "ते देवाचे माणूस आहेत, मग त्यांचा संदेश खोटा कसा असेल? तुझ्यात टीकेचा आत्मा शिरलाय."

माझ्या मते सगळी गफलत या एका वाक्यात आहे. आपण माणूस पारखतो आणि एकदा का तो खरा ठरला की त्याच्या प्रत्येक शब्दावर डोळे मिटून सही करतो. शास्त्र, म्हणजे बायबल, असं करत नाही. मत्तय १६ उघडा. तू ख्रिस्त आहेस असं म्हणणाऱ्या पेत्र या शिष्याला सतराव्या वचनात येशू म्हणतो, हे तुला मांस व रक्त यांनी नव्हे, माझ्या स्वर्गातील पित्याने प्रकट केलं. तेविसाव्यात, आपल्या मरणाची वाट अडवू पाहणाऱ्या त्याच पेत्राला म्हणतो, "अरे सैताना, माझ्यामागे हो." तोच माणूस, तोच अध्याय, मध्ये जेमतेम पाच वचनं.

त्याहून कडक १ राजे १३. यहूदातून एक देवाचा माणूस बेथेलला येतो. देवाने त्याला बजावलेलं असतं की तिथे खायचं नाही, प्यायचं नाही, आल्या वाटेने परतायचं नाही. बेथेलचा एक म्हातारा संदेष्टा त्याला गाठतो आणि म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलंय की तुला घरी जेवायला आणावं. शास्त्र तिथेच स्पष्ट सांगतं की तो खोटं बोलला. पाहुणा ऐकतो, जेवतो, आणि परतताना सिंह त्याला मारतो. मला हलवून सोडणारी गोष्ट मधली आहे. त्याच जेवणाच्या वेळी, त्याच खोटं बोललेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून देवाचं खरं वचन येतं. म्हणजे संदेष्टा खरा होता आणि त्याचा आधीचा संदेश खोटा होता. दादाने हा अध्याय माझ्यासमोर बसून एकदा तरी सलग वाचावा, असं मला फार वाटतं.

दादा म्हणतो, आत्म्याला विझवू नका. बरोबर, १ थेस्सलनीकाकरांस ५:१९. पण विसावं वचन म्हणतं संदेशांचा धिक्कार करू नका, आणि लगेच एकविसावं म्हणतं सगळ्या गोष्टींची पारख करा. तिन्ही एका दमात लिहिलेली आहेत, एकोणिसाव्यावर थांबायची मुभा हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने दिलेली नाही. करिंथच्या मंडळीलाही त्याने सांगितलं की दोघातिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी तो पारखावा (१ करिंथ १४:२९). पारखणं हा अपमान असता तर त्याने तो उपासनेच्या शिस्तीत घातला नसता.

आता तुमची शांती. योना देवापासून पळून जात होता आणि वादळात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. येशू गेथशेमाने बागेत पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता आणि लूक सांगतो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. मनातल्या गारव्यावरून देवाची इच्छा मोजायची असेल तर योना पास होईल. मला शांती वाटली कारण नोकरीला मी कंटाळले होते आणि चारचौघांत देवाने माझं नाव घेतलं असं मला हवं होतं. हवं ते मिळालं की मन शांत होतंच. म्हणून जो आवाज मला हवाहवासा वाटतो त्याची मी दुप्पट चौकशी करते. तो खरा निघाला तर कोणाचं काम सोपं होतं, बोलणाऱ्याचं की माझं? आणि बोलणाऱ्याचे नेमके शब्द काय होते?

पारख वाढते कशी? देवाकडे मागा, याकोबाचं पत्र १:५ मध्ये ते उघड सांगतं. पण मागितलं की एका रात्रीत मिळतं असं मी मानत नाही. इब्री ५:१४ मध्ये चांगलं-वाईट ओळखण्याचा सराव झालेल्या प्रौढांबद्दल जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो व्यायामशाळेतल्या मेहनतीचा शब्द आहे. शलमोनाने विवेकी मन मागितलं आणि त्याला मिळालं, हे सगळे सांगतात (१ राजे ३). पण अकराव्या अध्यायात तेच मन दुसऱ्या देवांकडे वळलं. एकदा मिळालेली पारख सांभाळावी लागते. आत्याची वही हा तिचा सराव होता. उजवं पान भरताना ती स्वतःचीही गय करत नसे. तिला स्वतःला "प्रभूने सांगितलं" असं वाटलेल्या चार गोष्टी त्यात आहेत, चारही चुकलेल्या, आणि चारहीसमोर तिने "माझं मन" असं लिहिलंय.

आणखी एक सांगायला हवं, ते मी उशिरा शिकले. बाहेर पडल्यावर काही वर्षं मी नुसती तपासणी करत होते. उपासनेत मागे बसून प्रवचनातल्या चुका टिपायच्या, एवढंच. फिलिप्पै १:९ मध्ये पौल प्रार्थना करतो की त्यांची प्रीती ज्ञानाने आणि विवेकाने वाढत जावी. वाढायची ती प्रीती. माझ्यात त्या काळात ती आटली होती, तेवढ्यापुरतं दादाचं म्हणणं खरं होतं.

आणि वहीत खरी निघालेली पानंही आहेत, कमी नाहीत. तेव्हा संदेश आला की धुडकावून लावा, असं माझं म्हणणं समजू नका. फक्त मोठा निर्णय असेल तर घाई करू नका. पैसे, लग्न, नोकरी, औषध बंद करणं अशा बाबतीत ज्याला तुमच्या निर्णयातून काहीच मिळणार नाही अशा एखाद्या जुन्या विश्वासणाऱ्याला आधी विचारा. कोणी "उशीर केलास तर अवज्ञा होईल" म्हणून रेटत असेल तर मी तिथेच थांबेन.

आत्या गेली, वही माझ्याकडे आहे. माझ्या संदेशासमोरच्या पानावर तिने लिहिलंय, "नोकरी गेली. पोर परत आली. जाळी कोणती ते अजून कळलं नाही." दादाने दिलेल्या संदेशांचीही दोन पानं त्यात आहेत. एक चुकलेलं. दुसरं अगदी शब्दशः खरं निघालेलं, आणि ते मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.