प्रेस : शब्द एक की अनेक?

प्रश्न : आमच्या नाशिकरोडला ‘वडील प्रेसमध्ये होते’ म्हटले की नोटांचा कारखाना समजतात, कपडे प्रेसला टाकतात, पत्रकार गाडीवर ‘प्रेस’ लिहितात आणि वायनरीत द्राक्षे पिळण्याच्या यंत्रालाही प्रेसच म्हणतात. हा एकच शब्द आहे काय?
– एक वाचक, जेल रोड, नाशिकरोड

उत्तर : आपण सांगितलेल्या चारही ठिकाणी शब्द एकच आहे. ‘दाबणे’ या अर्थाच्या ‘प्रेमेरे’ या लॅटिन क्रियापदापासून ‘प्रेसारे’ हे रूप झाले आणि तेथून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. इंग्रजीत नाम म्हणून तो आरंभी यंत्रासाठी नव्हे, तर माणसांच्या रेटारेटीसाठी, म्हणजे गर्दीसाठी वापरला जाई. यंत्राचा अर्थ मागाहून आला.

या चौघांत वडीलकीचा मान वायनरीला द्यावा लागेल. १४५० च्या सुमारास जर्मनीतील माइन्त्स येथे गुटेनबर्गने छपाईचे यंत्र उभारले, तेव्हा द्राक्षे पिळण्यासाठी आधीपासून वापरात असलेल्या स्क्रू-प्रेसची रचना त्याच्यासमोर होती, असे मानले जाते. जाड लाकडी चौकटीत उभा स्क्रू असे, त्याची आडवी दांडी ओढली की सपाट फळी खाली उतरे; फरक इतकाच की फळीखाली द्राक्षांऐवजी शाई लावलेले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, आणि त्यांवर कागद असे. यंत्राचे नाव पुढे छापखान्याला, छापखान्याचे वृत्तपत्रांना आणि वृत्तपत्रांचे पत्रकारांना मिळाले. त्यामुळे कागदाशी संबंध न येणारा वाहिनीचा वार्ताहरही आज प्रेसवालाच ठरतो.

नाशिकरोडचे सिक्युरिटी प्रेस १९२५ चे. तेथे नोटांची छपाई १९२८ मध्ये सुरू झाली, तोवर त्या इंग्लंडहून छापून येत. कोऱ्या नोटेवरून बोट फिरवल्यास काही ठिकाणी शाईचा उठाव जाणवतो. कोरलेल्या पत्र्याच्या खाचांतील शाई प्रचंड दाबाने कागदावर उतरवल्यामुळे तो येतो, म्हणजे तेथे मूळ क्रियापद अजून शब्दशः राबते आहे. इस्त्रीविषयी वेगळे सांगायला नको.

एक प्रेस मात्र या घराण्यातला नाही. अठराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारासाठी माणसे बळजबरीने धरून नेणाऱ्या टोळीला ‘प्रेस गँग’ म्हणत. तेथील शब्द ‘प्रेस्ट’वरून, म्हणजे भरती होणाऱ्याच्या हातावर ठेवलेल्या आगाऊ रकमेवरून आला, आपल्याकडे ऊसतोडीत जिला ‘उचल’ म्हणतात, तशीच ती रक्कम. पुढे भरतीत जुलूम शिरला, दोन्ही शब्द कानाला सारखेच लागू लागले आणि लोकांनी ते एकच मानले. चांगल्या इंग्रजी कोशांत मात्र त्याची नोंद वेगळी असते.