तान्ह्या बाळाची झोप: नव्या आईला चार गोष्टी

पहिल्या बाळाबद्दल अभिनंदन. फोंड्याला दोन मुले वाढवली, त्या अनुभवावरून सांगते की सुरुवातीला मोजक्याच गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दिवसा असो वा रात्री, बाळाला प्रत्येक वेळी पाठीवरच झोपवावे. उताण्या बाळाने दूध उलटले तर ते गुदमरेल, अशी भीती माझ्या सासूबाईंनाही वाटत असे. परंतु त्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर राहते, त्यामुळे वर आलेले दूध सहसा तिच्यात शिरत नाही. अमेरिकेत १९९४ साली याच सल्ल्याची मोहीम सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

नेहमी होणाऱ्या चुका अशा:

- मोहरीची उशी, गोधडी किंवा खेळणी बाळाजवळ ठेवणे. घट्ट, सपाट गादी व ताणून बसवलेली चादर पुरे.
- बाळाला छातीशी घेऊन सोफ्यावर डुलकी घेणे. ही चूक विशेष धोक्याची आहे आणि दमलेल्या आईकडून ती नकळत होते.
- आपल्या दमट हवेतही टोपरे चढवून दुपट्यात गुंडाळणे. मानेमागे बोटे लावून पाहावे. घाम लागला तर एक कपडा कमी करावा.

बाळाची जागा निदान सहा महिने आपल्याच खोलीत, परंतु स्वतंत्र असावी. घरात कोणीही विडी-सिगारेट ओढू नये, मग ते पाहुणे का असेनात.