दोन मोसमांचा करार आणि वीस वर्षांचं कर्ज

प्रश्न: मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो. मुलगा २६ वर्षांचा, फुटबॉलमध्ये सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू. माल्टातल्या एका क्लबनं त्याला दोन मोसमांचा करार देऊ केलाय. कर जाऊन हातात महिना २,५०० युरो, राहायला क्लबची खोली. त्या जोरावर बालेवाडीत एक कोटीचा टू बीएचके घ्यावा असं त्याचं म्हणणं आहे. ताबा तीन वर्षांनी. कर्ज ७५ लाख, वीस वर्षांसाठी, मी सहकर्जदार. बाकीच्या पैशांत त्याचे १४ लाख आणि माझ्या निवृत्तीचे २४ लाख. पेन्शन ३६,००० रुपये. आम्ही बोपोडीत स्वतःच्या वन बीएचकेत राहतो. गेल्या आठवड्यात १ लाख टोकन दिलं, करारनामा अजून व्हायचाय. पुढे जावं का?

उत्तर: नमस्कार. आधी मुलाचं मनापासून अभिनंदन. पुण्यात बचावपटू म्हणून वाढून युरोपातला करार मिळवणं किती कठीण आहे, हे खडकीच्या मैदानांवर आयुष्य गेलेल्या तुम्हाला मी सांगायला नको. त्यानं जरूर जावं. फ्लॅट मात्र आत्ता घेऊ नये, आणि तुम्ही सहकर्जदार म्हणून सही तर अजिबात करू नये.

पगाराचा आकडा मोठा दिसतो, पण तो किती महिने येणार ते आधी पाहा. छोट्या लीगमध्ये कित्येकदा मोसमाचे दहाच महिने पगार मिळतो. करारात तसं असेल तर दोन मोसमांचे वीस पगार, म्हणजे ५०,००० युरो. हिशेबाला सोपं म्हणून युरोचे १०० रुपये धरू: ५० लाख. खाणं, प्रवास, फोन, फिजिओ यांवर महिना ८०० युरो गेले आणि एजंटनं ५ टक्के घेतले, तर हातात तीसेक लाख उरतील. रक्कम चांगली आहे, पण ती एकदाच येणार आहे.

आता कर्ज. ८ टक्के व्याजानं ७५ लाखांचा हप्ता साधारण ६२,७०० रुपये. पूर्ण कर्ज पहिल्याच दिवशी उचललं, तरी पहिल्या २४ हप्त्यांत १५ लाख भरून मुद्दल जेमतेम ३ लाख ३० हजारांनी कमी होतं. तुमच्या बाबतीत तेवढंही होणार नाही. इमारत चढेल तसे बँक पैसे सोडेल आणि तोवर बहुधा फक्त व्याज भरावं लागेल. पूर्ण हप्ता सुरू होईल तेव्हा माल्टाचा करार संपलेला असेल आणि ताबा मिळालेला नसेल, म्हणजे भाडंही नाही. त्या महिन्यात बँक ज्या पेन्शनकडे बघेल, ती ३६,००० रुपयांची आहे. सहकर्जदाराची जबाबदारी अर्धी नसते, सगळ्या कर्जाची असते.

करार वाढेल, दुसरा क्लब मिळेल, असं मुलगा म्हणेल. बचावपटू उशिरापर्यंत खेळतात हेही खरं. पेपे २०२४च्या युरो स्पर्धेत ४१व्या वर्षी पोर्तुगालकडून खेळला. पण संदेश झिंगनचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. भारताचा पहिल्या फळीतला सेंटर बॅक ऑगस्ट २०२१मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबात गेला, दुखापत झाली, लीगचा एकही सामना न खेळता जानेवारी २०२२मध्ये एटीके मोहन बागानकडे परतला. त्याच्यासाठी इथं मोठ्या क्लबचं दार उघडं होतं. तुमच्या मुलासाठी ते असेलच असं धरून चालू नका. पुणे एफसी, भारत एफसी, एफसी पुणे सिटी हे तिन्ही क्लब बंद झालेले तुम्ही याच शहरात पाहिलेत. २०२५मध्ये तर आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, मोसमच लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले.

तिकडेही पगार वेळेवर येईलच असं नाही. खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रोनं २०१६मध्ये केलेल्या पाहणीत ४१ टक्के खेळाडूंनी मागच्या दोन मोसमांत पगार उशिरा मिळाल्याचं सांगितलं होतं. म्हणून सही करण्याआधी करार एखाद्या क्रीडा वकिलाला दाखवा. दहा-वीस हजार गेले तरी चालतील. वैद्यकीय तपासणी किंवा वर्क परमिटवर कराराची वैधता अवलंबून ठेवायला फिफाच्या नियमांत मनाई आहे. तशी ओळ असेल तर ती काढायला लावा. दोन महिन्यांचे पगार थकले, तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडूला करार सोडता येतो. एजंटकडे फिफाचा परवाना आहे का तेही बघा. आणि दुखापतीचा विमा वेगळा विचारा, कारण आपल्याकडच्या नेहमीच्या अपघात विम्यात व्यावसायिक खेळ बहुतेकदा वगळलेला असतो. गृहकर्जासोबत विकला जाणारा विमा तर मुख्यतः मृत्यूसाठी असतो. गुडघ्याचं लिगामेंट फाटून नऊ महिने घरी बसल्यास त्यातून हप्ता भरला जात नाही.

कराची एक गोष्ट खेळाडूंच्या घरी हमखास निसटते. मुलगा आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर तो अनिवासी, आणि तिकडच्या पगारावर इथं कर नाही. पण ऑगस्टमध्ये जाऊन जानेवारीत परत आला, तर एप्रिल ते जुलै आणि जानेवारी ते मार्च मिळून दोनशेच्या वर दिवस होतात. मग तो निवासी ठरतो आणि माल्टाचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण कागद हवेत. प्रत्येक महिन्याची पगारपावती जपून ठेवायला सांगा. जाताना बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासींचं इथल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्या, आणि तिकडून येणाऱ्या पैशांसाठी एनआरई खातं उघडा.

टोकनचं काम याच आठवड्यात उरका. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या नमुना अलॉटमेंट लेटरप्रमाणे पहिल्या १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर कपात नसते. तुमच्या पत्रातल्या अटी वाचा आणि रद्द केल्याचं ईमेलनं कळवा, नुसतं फोनवर नको.

मुलाची घराची ओढ मला समजते. लग्नाचं वय आहे आणि वन बीएचकेत सून आणायची म्हटल्यावर संकोच वाटतो. पण या फ्लॅटला २५ लाख स्वतःचे, वर मुद्रांक शुल्क आणि जीएसटी मिळून साधारण १२ लाख, असे तुमचे ३७ लाख पहिल्याच फेरीत संपतात. दोन मोसमांनंतर त्याचे १४ आणि माल्टाचे ३० असे ४४ लाख हातात असतील, तर बोपोडी-औंध रोड भागात तयार जुना फ्लॅट छोट्या कर्जावर घेता येईल. त्याचा हप्ता इतकाच ठेवा की मुलगा वर्षभर खेळला नाही तरी तो भरता येईल. तोवर मुलाच्या पैशांतले निम्मे मुदत ठेवीत असावेत, बाकीचे सावकाश म्युच्युअल फंडात गेले तरी हरकत नाही.

तुमचे २४ लाख मात्र या हिशेबात धरूच नका, दोन वर्षांनीही नाही. वयाची साठ पूर्ण असतील तर ते पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याच्या ८.२ टक्के दरानं दर तिमाहीला ४९,२०० रुपये येतील. पेन्शन धरून तुमचं दोघांचं घर त्यात चालेल, आणि मुलाला तिकडून दर महिन्याला पैसे पाठवायची घाई राहणार नाही.