बाबांची शेड घ्यायची का, विचारणाऱ्या मुलीस

बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, विजेच्या गाड्या येणार की नाही एवढं सांगा, म्हणजे गाड्यांचे सुटे भाग बनवणारी बाबांची शेड घ्यायची की नोकरी धरायची ते ठरवते." मी हो-हो करून फोन ठेवला. शेजारी कॉम्प्रेसर चालू होता, आणि खरं सांगायचं तर उत्तरही सुचत नव्हतं. आता निवांत लिहितो.

हा वाद मी 2017 पासून ऐकतोय. त्या वर्षी गडकरींनी मोटार कारखानदारांना भर सभेत बजावलं, आवडो न आवडो, मी हे करणारच. 2019 मध्ये नीती आयोगाने 150 सीसीखालच्या दुचाकी 2025 पर्यंत विजेच्याच असाव्यात असा विचार मांडला, तेव्हा बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी कडाडून विरोध केला. आणि जानेवारी 2020 मध्ये त्यांच्याच कंपनीने चेतक स्कूटर विजेवर आणली. पुढे जुलै 2024 मध्ये इथेच, पुण्यात, सीएनजीची मोटरसायकलही काढली. मग ते कोणत्या पक्षाचे? गिऱ्हाइकाच्या, असं माझं मत. आपण मात्र व्हॉट्सॲपवर पक्ष धरून बसतो.

आकड्यांचंही तसंच. 2024 मध्ये देशात विकल्या गेलेल्या शंभर मोटारींत विजेच्या अडीचच्या आसपास होत्या, आणि शंभर तीनचाकींत निम्म्याहून जास्त. दोन्ही खरं. ज्याला जो आकडा सोयीचा, तो तोच फॉरवर्ड करतो.

माझं काय झालं ते तुला बाबांनी सांगितलं असेल, पण अर्धंच. माझ्या शेडमध्ये चार ट्रॉब, म्हणजे आपोआप कातकाम करणारे लेथ, होते आणि त्यांवर एकच माल निघायचा: कार्ब्युरेटरचे, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे, पितळी जेट. बोटाच्या पेरापेक्षा लहान, मधलं भोक अगदी बारीक. ते भोक जरा मोठं झालं की गाडी जास्त पेट्रोल पिते, म्हणून मी प्रत्येक पेटीतले पाच-दहा उजेडासमोर धरून बघायचो. जानेवारी 2016 मध्ये सरकारने जाहीर केलं, की गाड्यांच्या धुराच्या नियमांत बीएस-पाच गाळून थेट बीएस-सहा, 1 एप्रिल 2020 पासून. म्हणजे दुचाकीतही पेट्रोल मोजून फवारणारा इंजेक्टर येणार आणि कार्ब्युरेटर जाणार. चार वर्षं हातात होती. मी काय केलं? "ढकलतील पुढे, नेहमी ढकलतात," म्हणून 2018 मध्ये पाचवा ट्रॉब घेतला, कर्ज काढून! 2020 च्या जानेवारीत शेड्यूल, म्हणजे कंपनीची महिन्याची मागणी, निम्मं झालं, मार्चमध्ये आलंच नाही. त्यातले दोन ट्रॉब भंगारच्या भावात गेले.

नीट बघ, माझं काम विजेने नेलं नाही. पेट्रोलच्या गाडीनेच नेलं. 2019 ची मंदी आठव, जुलैमध्ये मोटारींची विक्री आदल्या वर्षीपेक्षा तीस टक्क्यांहून जास्त पडली होती. तेव्हा विजेच्या मोटारी रस्त्यावर शोधाव्या लागत. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2020 च्या अखेरीस थांबला, तोही काही बॅटरीपायी नव्हे. म्हणून तुझ्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, तो बाजूला ठेव.

त्याऐवजी एक कागद घे आणि शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जॉबचं, म्हणजे सुट्या भागाचं, नाव लिही. पुढे लिही, तो गाडीत कुठे बसतो. मला आठवतंय त्याप्रमाणे तुमच्याकडे चार आहेत: व्हॉल्व्ह गाइड, रॉकर शाफ्ट, ब्रेक कॅलिपरची पिन आणि सस्पेन्शनचा बुश. पहिले दोन इंजिनात बसतात, विजेच्या गाडीत त्यांना जागाच नाही. पण सीएनजी कोरडी जळते, व्हॉल्व्ह आणि तो जिच्यावर टेकतो ती सीट लवकर झिजतात, त्यामुळे गाइडला अजून बरीच वर्षं मागणी राहील असं मला वाटतं. पिन आणि बुशला मात्र टाकीत काय भरलंय याच्याशी देणंघेणं नाही. बॅटरीने गाडी जड होते, बुशवर भार उलट वाढतो. तिसऱ्या रकान्यात लिही, प्रत्येक जॉबची किती गिऱ्हाइकं. तुझ्या बाबांचं दुखणं त्या रकान्यात आहे. चारही जॉब एकाच कंपनीला जातात.

नवीन काम घ्यायचंच म्हणशील तर एक गोष्ट डोळ्यांनी बघून ये. चाकणला माझ्या एका मित्राकडे विजेच्या गाडीचे गिअर बनतात. त्याने मला काचेच्या खोलीत नेलं आणि एक जोडी फिरवली. बारीक शिट्टीसारखा आवाज. हाच गिअर डिझेलच्या गाडीत असता तर कुणाला ऐकू आला नसता, इंजिनाच्या घरघरीत बुडाला असता. इथे इंजिनच नाही. मोटर मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेते, दाताला मायक्रॉनभर खोट असली की गिऱ्हाइकाच्या कानाला लागते. त्या लॉटमधली अख्खी ट्रे रिजेक्ट झाली, मापाच्या कॅलिपरने मोजून सगळं बरोबर होतं तरी! त्याला दातांच्या ग्राइंडिंगचं नवं मशीन घ्यावं लागलं. किंमत ऐकून मी चहा खाली ठेवला.

म्हणून एका गिऱ्हाइकाच्या तोंडी आश्वासनावर मशीन घेऊ नकोस, मग ते गिऱ्हाईक विजेचं असो की डिझेलचं. विजेच्या नव्या कंपन्यांचं शेड्यूल फार नाचतं. जून 2023 मध्ये दुचाकींची सबसिडी कापली आणि मागणी एका महिन्यात कोसळली. एप्रिल 2025 मध्ये चीनने मोटरच्या चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा चेतकचंही उत्पादन घटलं. अशा वेळी सगळ्यात आधी थांबतं ते आपलं बिल. कायद्याने लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि न दिल्यास ती रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही अशी आयकराची तरतूद आता आहे. पहिल्या दिवशीच उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर बिलावर छाप. बाबा भिडेपोटी छापत नाहीत, ते मला माहीत आहे.

नोकरीचं म्हणशील तर धर, दोन वर्षं. पण डिझाइनला नको, क्वालिटीला किंवा परचेसला जा. व्हेंडरला, म्हणजे आपल्यासारख्या माल पुरवणाऱ्याला, का कापतात ते टेबलाच्या त्या बाजूने दिसतं. तोवर शेड बाबा सांभाळतील, त्यांचे गुडघे कुरकुरतात पण कान शाबूत आहेत.

रविवारी कागद घेऊन ये, अकराच्या आत. आणि बाबांना आठवण कर, माझा मायक्रोमीटर 2019 पासून त्यांच्याकडे आहे.

तुझा,
काका