शेजाऱ्याची भिंत आणि हरवलेले 38 चौरस फूट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ठाण्यात ओवळ्याला 3 गुंठ्यांचा प्लॉट, टेप लावला तर 3,267 ऐवजी 3,229 चौरस फूटच भरतात. शेजाऱ्याने तारेचं कुंपण काढून भिंतीचा पाया खणलाय. तुमची त्या बाजूची हद्द 25 फूट, म्हणजे तो दीड फूट आत आला, तर पोलिसांत जाऊ का?

थांबा जरा. आधी सातबारा काढा आणि क्षेत्राचा रकाना बघा. तिथे 3 आर असेल तर शेजाऱ्याने कदाचित काहीच खाल्लेलं नाही. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1,076. बोलताना आपण दोन्ही एकच धरतो. तीन गुंठ्यांवर हा फरक बरोबर 38 चौरस फुटांचा होतो, आणि 25 फुटांच्या हद्दीवर तो पसरला की दीड फूट! तुमचा आकडा इतका नेमका जुळतोय, की मला तरी भिंतीआधी खरेदीखतावर संशय येतो.

दुसरं म्हणजे सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. हद्द नकाशावर असते, आणि आपल्याकडच्या जुन्या मोजण्या साखळी-आण्यांतल्या. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त. तुमचा वाद एका आण्याच्याही आतला आहे. त्यामुळे गावनकाशाची झेरॉक्स घेऊन, पट्टी लावून भांडू नका. आम्ही तेच करून बसलो होतो.

आमचं घर बाळकुमला. शेजारचे अण्णा आणि वडील एका फुटावरून चार वर्षं बोलत नव्हते. शेवटी मी भूमी अभिलेख खात्याच्या ई-मोजणीवर ऑनलाइन अर्ज टाकला. सातबारा, फी, लगतधारकांची, म्हणजे हद्दीला लागून असलेल्यांची, नावं-पत्ते, आणि सगळ्यांना नोटिसा. तारीख पहिल्यांदा ऐन पावसात आली, ती पुढे गेली. गवतात कोकणपट्टीत मोजणी करणं म्हणजे दोघांचाही दिवस वाया. मग डिसेंबरात भूकरमापक, म्हणजे मोजणी करणारे सरकारी कर्मचारी, आले. मशीन तिपाईवर चढवायच्या आधी तासभर ते जुना हद्दीचा दगडच शोधत होते. तो आमच्या केळीखाली निघाला, आईने टाकलेल्या राखेच्या ढिगात. तिथून रेषा धरली तर पुढच्या बाजूला आम्ही बरोबर होतो, आणि मागे आमचीच मोरी वीतभर अण्णांच्या हद्दीत! आई काही बोलली नाही. आत गेली आणि अण्णांसाठीही कप घेऊन आली.

तुमच्या बाबतीत एक मोठी मेख असू शकते. सातबाऱ्यावर इतरांचीही नावं आहेत का? ठाण्यात दोन-तीन गुंठ्यांचे बरेच प्लॉट असे सामाईक सातबाऱ्यावरचेच असतात. तसं असेल तर साध्या मोजणीत पूर्ण सर्व्हे नंबरची बाहेरची हद्द मिळेल, तुमच्या दोघांमधली नाही. त्यासाठी पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येकाचा तुकडा वेगळा मोजणं, आणि तिथे सहधारकांच्या सह्या लागतात. खरी दमछाक इथे होते. (सिडकोच्या भूखंडावर असता तर गोष्ट वेगळी, तिथे सिडकोचा सीमांकन नकाशा बघायचा.)

मोजणीवाले खुणा दाखवतात, 'क' प्रत म्हणजे मोजणीचा नकाशा देतात, पण ताबा मिळवून देत नाहीत. त्या दिवशी खुणांवर लोखंडी गज ठोकून काँक्रीट भरा आणि फोटो काढा. चुन्याची रेघ दोन दिवसांत जाते. शेजाऱ्याला मोजणी पटली नाही तर तो निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागू शकतो. ती वरचा अधिकारी करतो.

पोलीस ही दिवाणी बाब म्हणून बहुधा अदखलपात्र नोंद करतील. मारामारी होत असेल तर जरूर जा, हद्दीसाठी नको. भिंत खरंच तुमच्यात येत असेल आणि शेजारी थांबत नसेल, तर वकिलामार्फत दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागा, पण पाया असतानाच. छतापर्यंत बघत बसलात तर कोर्ट पहिलं तेच विचारेल. गरज वाटल्यास कोर्ट मोजणीसाठी कमिशनरही नेमतं.

तडजोड झालीच तर स्टॅम्पपेपरवर नुसती नोटरी करून जमीन इकडची तिकडे होत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. आम्ही मोरी तोडली, ते स्वस्त पडलं. दावा चालू असेल तर लोकअदालतीत तडजोड करा: तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, कोर्ट फीही परत मिळते.

आज संध्याकाळी शेजाऱ्याकडे जा आणि एवढंच म्हणा, "दोघे मिळून मोजणी लावू, फी अर्धी-अर्धी, तोवर पायाच्या वर नका जाऊ." सोबत वकील किंवा मेव्हणा नेऊ नका. आणि सातबाऱ्यावर आर किती, नावं किती, ते इथे कळवा. उताऱ्याचा फोटो टाकलात तर त्यावरची नावं मात्र खोडा.